प्रवासातले फोटो घरीच सुधारतात : रोजच्या आणि फिरतीच्या फोटोंसाठी सविस्तर गाईड

ट्रिपच्या आदल्या आठवड्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे "कुठला कॅमेरा घेऊ?" आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, की आहे तो मोबाइल घ्या आणि आजपासून घरातले फोटो काढायला लागा. ऐकणाऱ्याला वाटतं मी टाळतेय. पण मला खरंच असंच वाटतं. नवीन जागी गेलं की वेळ कमी असतो, बरोबरची मंडळी "चला चला" करत असतात, सगळंच सुंदर दिसत असतं आणि त्या गडबडीत उजेड कुठून येतोय हे बघायचं सुचतच नाही. घरात किंवा गल्लीत तसं नसतं. जागा तीच, माणसं तीच, त्यामुळे रोज बदलतो तो फक्त उजेड, आणि तो मग दिसायला लागतो. ही सवय लागली की पुढे हरिश्चंद्रगड असो नाहीतर हंपी, पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत डोळे आपोआप सूर्य कुठे आणि सावली कुठे ते शोधतात.

मी हौशी आहे, नोकरी सांभाळून काढते, जास्त करून मोबाइलवर आणि कधीमधी जुन्या डीएसएलआरवर ५० एमएमची लेन्स लावून. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करून बघा, म्हणजे आधी घर, मग रस्ता, मग प्रवास.

आधी मोबाइलची तयारी

मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याची काच पुसा. हे वाचून हसू येईल पण दिवसभर आपली बोटं त्याच काचेवर असतात, त्यावर तेलकट थर बसतो आणि मग फोटोवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, रात्री तर प्रत्येक दिव्यातून लांब रेषा निघतात. जुन्या सुती साडीचा किंवा चष्म्याचा मऊ कपडा खिशात ठेवा.

मग सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड (स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेघा) चालू करा, समुद्राची किंवा धरणाच्या पाण्याची रेघ तिरकी येणं त्याने बंद होतं. त्यानंतर शिकायची एकच गोष्ट, पण ती नीट शिका : स्क्रीनवर जिथे फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बोट वर-खाली सरकवून (काही फोनमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं) फोटो उजळ किंवा गडद करा. बहुतेक लोक मोबाइल जे देईल ते घेतात. उजेड आपण ठरवायचा ही सवय इथूनच लागते.

बोटांनी झूम करू नका, तो बऱ्याचदा नुसता क्रॉप असतो, म्हणजे फोटोच्या कडा कापून उरलेला भाग मोठा केलेला. फोनला वेगळी झूम लेन्स असेल तर तिचं बटण वापरा, नसेल तर चार पावलं पुढे जा.

घरातली एक खिडकी निवडा

घरातली एक खिडकी किंवा गॅलरीचं दार निवडा आणि तिथे काय काय घडतं ते वेगवेगळ्या वेळी बघा. आमच्याकडे सकाळी साडेआठच्या सुमाराला आई गॅलरीच्या दारात मेथी निवडायला बसते. त्या वेळी ऊन थेट आत येत नाही, समोरच्या बिल्डिंगच्या पांढऱ्या भिंतीवरून उसळून येतं, त्यामुळे उजेड मऊ असतो आणि एका बाजूनेच पडतो. तिच्या चेहऱ्याची दाराकडची बाजू उजळ, दुसरी हळूहळू गडद होत गेलेली, हातावरच्या शिरा, बांगड्या आणि मेथीच्या पानांवरचं पाणी सगळं उठून दिसतं. आता याच वेळी कोणी आतली ट्यूब लावली की खेळ खलास. ट्यूबचा उजेड समोरून आणि वरून येऊन सगळं सपाट करतो आणि त्याचा रंगही बाहेरच्या उजेडाशी जुळत नाही, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट-पिवळी. म्हणून घरातल्या फोटोचा पहिला नियम : दिवसा खिडकीजवळ काढताय ना, मग दिवे बंद करा.

आता त्याच जागेवर स्वतः फिरा. खिडकी तुमच्या पाठीमागे असली तर समोरचा माणूस स्पष्ट पण सपाट दिसेल. खिडकी बाजूला असली तर चेहऱ्याला आकार येईल. खिडकी माणसाच्या मागे असली तर केसांच्या कडा चमकतील आणि चेहरा काळा होईल, तेव्हा चेहऱ्यावर बोट दाबून उजेड वाढवायचा, मागची खिडकी पांढरी झाली तरी चालेल. तिन्ही फोटो एकापाठोपाठ काढून शेजारी शेजारी ठेवून बघा. मी शिकले त्यातलं निम्मं तरी एवढ्यातच आहे.

पोह्याची वाफ किंवा चहाची वाफ दिसत नाही अशी तक्रार असते ना, तिचंही उत्तर इथेच मिळतं. वाफ दिसायला उजेड तिच्या मागून किंवा मागच्या बाजूने तिरका यावा लागतो आणि तिच्या पाठीमागे काहीतरी गडद हवं. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ दिसणारच नाही, लाकडी दारासमोर किंवा ओट्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यासमोर बशी धरा, लगेच दिसेल. पुढे कधी पहाटे कोकणातल्या चुलीचा धूर किंवा गडावरचं धुकं काढाल तेव्हा हेच उपयोगी पडतं, ऊन धुक्याच्या मागून येऊ द्यायचं.

गणपतीत घरच्या आरतीचा फोटोही यातलाच. एलईडीच्या माळा आणि मोठा दिवा दोन मिनिटं बंद ठेवा, निरांजनाचा उजेड आरती करणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडू द्या, चेहऱ्यावर फोकस लॉक करून उजेड थोडा कमी करा. फ्लॅश अजिबात नको. हात हलतात म्हणून सलग दहा-बारा फोटो घ्या, त्यातला एखादा नक्की स्थिर येतो.

ऊन कधीचं चांगलं आणि कधीचं नाही

पुस्तकात सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडाबद्दल वाचतो तेव्हा एक लक्षात ठेवायचं की त्यातली बरीच पुस्तकं थंड देशात लिहिलेली असतात. तिकडे सूर्य तिरका चढतो आणि तो उजेड बराच वेळ टिकतो. आपल्याकडे सूर्य जवळपास सरळ वर चढतो, त्यामुळे मऊ सोनेरी ऊन जेमतेम अर्धा-पाऊण तास असतं. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि डिसेंबरअखेरीस सातच्या पुढे, म्हणजे उन्हाळ्यात "आठ वाजता नाश्ता करून निघू" म्हणालात तर चांगला उजेड संपलेला असतो. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैअखेरीस मुंबई-पुण्याच्या भागात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. या दिवसांत दुपारी उघड्यावर माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, नाक चमकतं, चेहरा थकलेला दिसतो, माणूस कितीही फ्रेश असला तरी.

मग दुपारी काय करायचं? सावलीत जायचं. देवळाचा मंडप, वाड्याची पडवी, एसटी स्टँडची शेड, झाडाखालचा पार. त्यातही सावलीच्या अगदी आत न जाता कडेला, जिथे बाहेरचं ऊन जमिनीवरून उसळून चेहऱ्यावर येतं, तिथे माणसाला उभं करा. आपल्याकडच्या दुपारच्या फोटोंसाठी याच्याइतका भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

आणि ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका. जुलै-ऑगस्टमधला ढगाळ उजेड माणसांसाठी, फुलांसाठी, ओल्या दगडांसाठी फार छान असतो. फक्त फ्रेममधून पांढरं आकाश शक्य तेवढं काढून टाका.

मंडई : रंग कसे फसवतात

घर झालं की पुढची पायरी म्हणजे जवळचा बाजार. मी पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत जाते. १८८६ ची दगडी इमारत आहे, पण मला फोटोसाठी जास्त आवडतात ते बाहेरच्या रस्त्यावरचे गाळे आणि त्यावर बांधलेल्या ताडपत्र्या. या ताडपत्र्यांकडे नीट बघा. निळ्या ताडपत्रीतून ऊन गाळून आलं की खाली सगळं निळं होतं. टोमॅटो जांभळट दिसतात, विकणाऱ्या मावशींचा चेहरा आजारी दिसतो. पिवळ्या किंवा केशरी ताडपत्रीखाली चेहरा उबदार दिसतो पण कोथिंबीर-पालक मळकट पिवळे. आपला डोळा हे आपोआप सुधारून घेतो म्हणून तिथे उभं असताना कळत नाही, घरी येऊन फोटो बघितल्यावर कळतं.

उपाय दोन. एक म्हणजे माणूस किंवा भाजी ताडपत्रीच्या कडेला असेल तेव्हा काढा, जिथे रस्त्याचा मोकळा उजेड समोरून येतो. दुसरा म्हणजे फ्रेममध्ये काहीतरी पांढरं येऊ द्या, लसूण, मुळा, तराजूखालचा कागद, कोणाचा सदरा, म्हणजे नंतर एडिट करताना व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्यासाठी) त्याच्यावर टिचकी मारली की बाकीचे रंग बऱ्यापैकी जागेवर येतात. पूर्ण निळ्या किंवा पूर्ण केशरी उजेडात मात्र रंग सोडून द्या आणि फोटो सरळ कृष्णधवल करा, चेहरा आणि हात शिल्लक राहतात आणि तेच हवे असतात.

बाजारात उभं राहून फिरत फिरत काढण्यापेक्षा एक जागा धरा. मागची पार्श्वभूमी आधी निवडा, म्हणजे समजा वांग्यांचा ढीग आणि त्यावर तिरकं पडलेलं ऊन, आणि त्या उन्हात कोणाचा तरी हात यायची वाट बघा. गिऱ्हाईक वांगं उचलून दाबून बघतं, देठ तपासतं, परत ठेवतं. हात उन्हात आला की काढायचा. पंधरा-वीस मिनिटं एका जागी उभं राहणं सुरुवातीला अवघड वाटतं, लोक बघतात, पण थोड्या वेळाने तेही आपल्या कामाला लागतात आणि मग जे फोटो मिळतात ते चालता चालता कधीच मिळत नाहीत.

इथे मला होमाई व्यारावाला आठवतात. १९१३ चा जन्म, भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार, २०११ साली पद्मविभूषण. नेहरू-गांधींचे त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांना माहीत असतात, पण सुरुवातीच्या काळात त्यांनी मुंबईतलं रोजचं जगणं आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या वर्गमैत्रिणी टिपल्या. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात १२० च्या एका रोलवर १२ फोटो बसायचे. म्हणून माझा एक सराव तुम्हालाही सुचवते : बाजारात जाताना ठरवून फक्त बारा फोटो काढायचे, डिलीट करून परत काढायचं नाही. बटण दाबायच्या आधी आपण किती जास्त बघतो ते तेव्हा जाणवतं.

लोकांचा फोटो काढताना

बोलून काढा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं, नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा, परत मागे लागू नका. हो म्हणाल्या तर पहिला फोटो त्या ताठ बसून देतील, तो काढा, त्यांना दाखवा, मग "तुमचं चालू द्या" म्हणून थांबा. दुसरा-तिसरा फोटो खरा मिळतो. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका आणि ओळखू येईल असा टाकू तर अजिबात नका. आंघोळ करणारी, कपडे बदलणारी, रडणारी, झोपलेली माणसं यांचे फोटो काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो घाट असो, यात्रा असो की रेल्वे प्लॅटफॉर्म.

आकडे, पण कामापुरते

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये किंवा कॅमेऱ्यात तीन गोष्टी असतात : अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो, सेकंदात) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील). सगळं एकदम शिकू नका, आधी शटर शिका कारण हललेला फोटो नंतर कशानेच सुधारत नाही. बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलाला किंवा ढोलाच्या टिपरूला १/५००, पावसात उडणाऱ्या पाण्याला १/१००० च्या आसपास. धबधबा दुधासारखा हवा असेल तर उलट जायचं, १/४ सेकंद ते १ सेकंद, आणि मोबाइल दगडावर किंवा ट्रायपॉडवर टेकवून टायमर लावायचा. उजेड कमी पडला की आयएसओ वाढवा, घाबरू नका, दाणेदार पण स्पष्ट फोटो हा गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा.

रात्रीच्या दुकानांत, मंडपात एलईडी दिव्यांखाली फोटोवर काळे-पिवळे पट्टे येतात ना, त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

आणि एक फार महत्त्वाचं. कॅमेऱ्याला पांढरं आणि काळं कळत नाही, त्याला सगळं मधल्या करड्या रंगाचं असावं असं वाटतं. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो फोटो गडद करतो, काळ्या म्हशीने भरली की उगाच उजळ. म्हणून पांढरं जास्त असेल तर उजेड थोडा वाढवा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या अधिक-उणे पट्टीवर अधिक ०.७ ते १), काळं जास्त असेल तर कमी करा. वारीत हे पदोपदी लागतं.

प्रवासाआधीचा गृहपाठ : जागेचं तोंड कुठे?

इथपर्यंत घर आणि गल्ली झाली. आता ट्रिप ठरली की मी हॉटेलच्या आधी एक गोष्ट शोधते, ती म्हणजे जागेची दिशा. नकाशा उघडा, उत्तर वर असते, बस. कोकणचे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत म्हणजे सूर्यास्त समुद्रात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की सकाळी सूर्य किनाऱ्याच्या मागून, डोंगराकडून येतो आणि वर चढला की होड्यांवर, जाळ्यांवर, माणसांच्या चेहऱ्यांवर समोरून पडतो. चेहरे हवे असतील तर सकाळ, आकृत्या हव्या असतील तर संध्याकाळ. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळी लिलावाला उभे राहिलात तर माणसं, टोपल्या आणि मागे समुद्रात सुवर्णदुर्ग असं सगळं उजेडाच्या विरुद्ध येतं. तिथे चेहऱ्यांच्या मागे लागूच नका, आकाशावर बोट दाबून उजेड कमी करा आणि माणसांच्या काळ्या आकृती एकमेकींत न मिसळता सुट्या दिसतील अशा क्षणाची वाट बघा.

राजगडावर सुवेळा माची पूर्वेला आहे, म्हणून ती सकाळची, आणि संजीवनी माची संध्याकाळची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे बघतो, सकाळी तो सावलीत असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंडही पश्चिमेला, त्यामुळे सकाळी घाईघाईने जाऊन आतल्या खांबांचे अंधारे फोटो काढण्यापेक्षा दुपारनंतर जावं, दारावरच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत येतो आणि खांबांच्या रांगेला खोली येते. वेरूळची लेणीही पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यात आहेत, तीही दुपारनंतरची. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे आधी बघा, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढणारे यातच अडकतात.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती मनापासून पाळा, ती चित्रं दीड-दोन हजार वर्षं टिकलीत. आत उजेड फारच कमी, ट्रायपॉड परवानगीशिवाय लावू देत नाहीत, म्हणून भिंतीला न टेकता दोन्ही कोपर पोटाशी घट्ट धरा, श्वास सोडून थांबा आणि मग बटण दाबा. आयएसओ ३२०० आणि शटर १/३० एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी जमून जातं. आणि आधी मोबाइल खिशात ठेवून पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की चित्रं भिंतीतून बाहेर यायला लागतात, कशाचा फोटो काढायचा ते तेव्हाच कळतं.

जुन्या लोकांनी उजेडाचा किती विचार केला होता ते बघायचं असेल तर कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला जा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग पूर्ण मूर्तीवर, अर्थात आकाश स्वच्छ असेल तर. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही. तरीही जा. फोटो काढणाऱ्या माणसाने बघावं असंच ते आहे.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाणार असाल तर (पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला त्यात कास आहे) सप्टेंबरचा मधला काळ धरा, पास आधी काढा, आणि फुलांत बसून फोटो हा प्रकार विसरा. सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, ही फुलं इवलीशी असतात आणि एक पाऊल चुकलं की मूठभर रोपं गेली. पाऊलवाटेच्या कडेलाच उकिडवं बसा, मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीजवळ जाते, आणि एकाच फुलाला फ्रेमचा पुढचा भाग देऊन मागे रंगाचा गालिचा धूसर होऊ द्या.

वारी

वारीबद्दल वेगळं लिहिते कारण दरवर्षी असंख्य कॅमेरे तिथे जातात आणि बरेचसे फोटो एकसारखे येतात. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तिथे वरून वळणावळणाचा रस्ता आणि भगव्या पताका असा फोटो सगळेच काढतात. काढा, छान येतो. पण तो एक झाला की खाली उतरा आणि दिंडीच्या कडेने चालायला लागा.

चालताना तुमच्या लक्षात येईल की दिंडीला एक लय असते, टाळ एकदम वर जातात, एकदम खाली येतात, पाय एकत्र पडतात. दोन-तीन अभंग नुसते ऐका. लय कळली की टाळ कधी वर जाणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं आणि बटण वेळेवर दाबलं जातं. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि मागे करडे ढग, म्हणजे वर सांगितलं तसं उजेड थोडा वाढवायचाच, नाहीतर चेहरे काळे पडतात. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माउलींचा फोटो काढताना उभ्याने न काढता थोडं खाली बसून काढा, तुळस आकाशात स्वच्छ दिसते.

मला स्वतःला मुक्कामाचे फोटो जास्त आवडतात. पाय चोळणारे हात, ट्रकच्या सावलीत वाळत घातलेली धोतरं, पत्र्याच्या पेटीतून निघणारा आरसा, भल्या मोठ्या पातेल्यातला भात, पावसात प्लास्टिक पांघरून चाललेली माणसं. याच गोष्टी आपण घरी खिडकीजवळ शिकलोय, हात, वाफ, कापड, बाजूचा उजेड. तिथे तो सराव लगेच कामाला येतो.

नियम मात्र कडक ठेवा. दिंडीच्या मधून आडवे जाऊ नका, विणेकऱ्याच्या समोर उलटं चालत त्यांना थांबवू नका. चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण असो की पुढची गोल रिंगणं, अश्व धावतो त्या जागेत एक पाऊलही टाकू नका, ते त्यांच्या श्रद्धेचंही आहे आणि तुमच्या जिवाचंही. कोणाला पोज द्यायला सांगू नका. पत्ता मिळाला तर प्रिंट पाठवा, "माउली, फोटो पाठवते" असं म्हणून न पाठवणारे फार झालेत.

पावसाळा आणि सामान

कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी लागते, आत जाळ्यासारखे धागे दिसतात. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल मिळतं, निळं गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की ओलावा भरला, मग मंद आचेवर तापवून परत वापरायचं. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत बंद करून कपाटात ठेवून देऊ नका, बुरशीला तेच हवं असतं.

एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, किंवा पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून काचा खाली करा. ट्रेकला झिप असलेली प्लास्टिकची पिशवी, पंचा, पॉवरबँक, जादा कार्ड, बास. तीन लेन्स घेऊन गड चढू नका, बदलायला कोरडी जागाही नसते. एकच घ्यायची असेल तर ५० एमएमची एफ १.८ (हा अॅपर्चरचा आकडा, तो लहान म्हणजे उजेड जास्त), स्वस्त आणि हलकी, फक्त छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे वाड्यात किंवा घरात मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे ३५ एमएम बरी.

जागेची गोष्ट पूर्ण होईल असं काढा

एका जागेचे चार प्रकारचे फोटो घ्या : लांबून सगळी जागा, मग मधल्या अंतरावर माणसं काम करताना, मग जवळून हात किंवा वस्तू, आणि चौथा पाटीचा. पाटी म्हणजे गावाच्या नावाचा बोर्ड, एसटीवरची पाटी, मैलाचा दगड. मैलाच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नंतर "हे कुठलं बरं?" असा प्रश्न पडत नाही.

निवड, एडिट, प्रिंट

त्याच दिवशी रात्री हललेले आणि डोळे मिटलेले काढून टाका, बाकीचे ठेवा. चांगले निवडायचं काम मात्र आठवड्याने करा, तोपर्यंत ट्रिपची धुंदी उतरते आणि फोटोकडे फोटो म्हणून बघता येतं.

एडिटला स्नॅपसीड पुरतं, फुकट आहे. क्रम असा ठेवा : रेघ सरळ, नको ते कापणे, उजेड, मग सावल्या थोड्या उघडणे, आणि रंग सगळ्यात शेवटी. पावसाळी सह्याद्रीचा हिरवा आधीच भरपूर हिरवा असतो, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवलं की तो प्लास्टिकसारखा दिसतो, उलट किंचित कमी करून बघा. चेहरे गोरे करणारे फिल्टर कृपा करून वापरू नका, उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाचा रंग हा त्याचा आहे.

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने बारीक होतो, प्रिंटसाठी पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल तीन ठिकाणी हवी, फोन किंवा लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर नाहीतर भावाबहिणीकडे.

प्रिंटसाठी फार मोठा कॅमेरा लागतो हा गैरसमज आहे. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. ८ बाय १२ लाही नऊपेक्षा कमी पुरतात. जवळच्या स्टुडिओत दर तीन-चार महिन्यांनी निवडक फोटो मॅट कागदावर काढून घ्या, घरचे आणि प्रवासातले एकत्रच. मागच्या बाजूला तारीख, गाव आणि माणसाचं नाव लिहा, बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे उमटतं आणि शाईचं पेन पसरतं, म्हणून बारीक पर्मनंट मार्कर घ्या आणि वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. ज्यांचे फोटो काढलेत त्यांची पाकिटं त्याच दिवशी तयार करा, मागे आणि पुढे जाड पुठ्ठा घाला, आणि अल्बम पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा.